गेलेला अहवाल

‘डोन्ट सेव्ह’वर क्लिक झालं आणि शेजारच्या टेबलावरची सहकारी एकदम गप्प झाली. सकाळपासून लिहिलेला अहवाल गेला होता.

“राहू दे, परत लिहिते,” म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मलाच कसंतरी झालं.

म्हटलं, थांब जरा. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, मग मॅनेज डॉक्युमेंट. तिथे ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. उघडलं, तर फाइल तिथेच! शेवटचा परिच्छेद तेवढा नव्हता, कारण ऑटोरिकव्हर मुळात दर 10 मिनिटांनी प्रत ठेवतं. (सापडल्याबरोबर आधी ‘सेव्ह ॲज’ करा. ती प्रत तात्पुरतीच असते.)

तिचा चेहरा बघायला हवा होता.

दिवसभर वर्डवर काम करणाऱ्यांना ही सोय पहिल्याच दिवशी कुणी का दाखवत नाही?