आमची वाटचाल : आधी गळती, मग डाग

सुरुवातीला आम्ही फक्त जमिनी धुवायचो. एक घासायचं मशीन, एक लांब पाइप आणि मदतीला एक मुलगा, एवढ्यावर काम चालू होतं. घरोघरच्या गॅरेजची कामं येऊ लागली (गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची खोली, दुरुस्तीचं नव्हे), तेव्हा मला वाटायचं की डाग मातीचा असो नाहीतर तेलाचा, जोर लावून घासला की निघतो.

तो समज एका मावशींच्या गॅरेजमध्ये मोडला. गाडीच्या पुढच्या भागाखाली परातीएवढा काळा डाग होता. मी त्यावर अ‍ॅसिड ओतलं. फसफस झाली, घसा धरणारा धूर आला. पाणी मारून पाहिलं तर डागाभोवतीचा कोबा पांढरा आणि खरखरीत झालेला, डाग मात्र जसाच्या तसा, उलट आणखी उठून दिसणारा. कारण मला नंतर कळलं. अ‍ॅसिड सिमेंटमधला चुना खातं, तेलाला ते काहीच करत नाही. जिथे तेल मुरलंय तिथे तर तेलाचा थरच सिमेंटची ढाल होतो. तरीही मी वरून इपॉक्सीचा, म्हणजे जमिनीवर द्यायच्या कडक रंगाचा, थर दिला. काही आठवड्यांतच डागाच्या जागी रंगाचे पोपडे निघाले, आणि त्या पोपड्यांवर तेलाचा एक ताजा, चकचकीत थेंब होता.

मी मावशींचे पैसे परत दिले. त्यांनी ते घेतले आणि विचारलं, "अगं, जमीन तू पुन्हा धुशीलही, पण हे तेल येतंय कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दादाला बोलावलं. माझा थोरला भाऊ तेव्हा दुसरीकडे मेकॅनिक होता. मावशींना आधी कुणीतरी सांगितलं होतं की इंजिनाचं मागचं सील (तेल अडवणारी कडी) गेलंय, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. खर्च ऐकूनच त्यांनी विषय सोडून दिला होता. दादाने गाडीखाली लगेच हात घातला नाही. त्याने आधी इंजिन बाहेरून स्वच्छ धुतलं, मावशींना गाडी थोडी फिरवून आणायला सांगितली आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेला. थेंब पडतो ती जागा बघायची नाही, सगळ्यांत वरची ओली जागा शोधायची, हे त्याचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तेल उतारानं खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, त्यामुळे गळतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. मावशींच्या गाडीत टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तिथून निघालेला ओघळ इंजिनाच्या मागच्या अंगाने उतरून गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी टपकत होता. गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती. पॅकिंग बदललं, टपकणं थांबलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा माझ्यासोबत आला. गाडी त्याच्याकडे आणि जमीन माझ्याकडे, अशी आमची वाटणी आजतागायत आहे. गळती थांबल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही हा नियमही तेव्हाच ठरला. या नियमामुळे काही कामं हातची गेली आहेत. आम्हाला त्याची खंत नाही.

गळती ओळखायला पहिल्या दिवशी पुठ्ठा पुरतो. रात्री गाडीखाली मोठा, कोरा पुठ्ठा सरकवायचा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखून घ्यायच्या. सकाळी थेंब कुठे पडलाय आणि कोणत्या रंगाचा आहे, एवढ्यावरून दादा निम्मं सांगतो. तपकिरी ते काळं आणि बोटांना बुळबुळीत लागणारं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. कूलंट लगेच पुसून घ्या, कारण त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे गळती नव्हे, त्याने घाबरून आलेले कितीतरी फोन आम्ही शांत केले आहेत. पण चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ थेंब दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशा वेळी आम्ही डागाबद्दल बोलतच नाही. गाडी हलवू नका, एवढंच सांगतो.

बरेचदा कारण अगदी छोटं निघतं. तेल बदलताना चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) ड्रेन प्लगचा, म्हणजे तेल सोडायच्या बुचाचा, जुना, चेपलेला वॉशर तसाच लावलेला असतो. किंवा प्लग इतका आवळलेला असतो की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटेच गेलेले असतात. एक कारण सहसा कुणी तपासत नाही. इंजिनाच्या आतली वाफ आणि वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलांतूनही तेल बाहेर ढकललं जातं. सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं, तर दादा आधी तिकडे वळतो.

आता माझं काम. कोबा वरून कितीही घट्ट दिसला तरी तो आतून सच्छिद्र असतो आणि तेल त्या बारीक नळ्यांमधून खाली उतरत राहतं. म्हणून ताजं तेल फडक्याने पुसायला जाऊ नका, त्याने ते पसरतं. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरड्या मातीची भुकटी टाका, बुटाने हलकं रगडा, काही तास राहू द्या आणि झाडून घ्या. पेट्रोल टाकून डाग काढणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. पेट्रोलने तेल पातळ होऊन आणखी खोल जातं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि बंद खोलीत एका ठिणगीने पेट घेते.

धुण्याच्या सोड्यावरही माझा पूर्वी फार भरवसा होता. खाद्यतेलाचा त्याने साबण होतो, इंजिन ऑइलचा मात्र होत नाही, कारण ते खनिज तेल आहे. त्याला पाण्यात मिसळून वर आणायला साबणासारखा घटक असलेला डिग्रीझरच लागतो. तो डागावर ओतून वाळू न देता पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, ताठ ब्रशने घासायचा आणि गरम पाण्याने धुवायचा. घाण पाणी शोषून बादलीत घ्या. गटारात सोडलं तर डाग फक्त जागा बदलतो.

जुन्या, मुरलेल्या डागाला आम्ही लेप देतो. हे माझं सगळ्यांत आवडतं काम आहे. मुलतानी माती किंवा खडूची भुकटी घेऊन त्यात डिग्रीझर घालत गिलाव्याच्या मालाइतका घट्ट लेप कालवायचा. डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल असा, साधारण १ सेंटिमीटर जाड थापायचा. वर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि २४ तास तसंच ठेवायचं. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो खालचं तेल वर ओढतो. खरवडून उलटा केला की खालची बाजू तपकिरी निघते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या लेपाला ती फिकट होत जाते. घाई असेल त्याने हे काम आम्हाला देऊ नये.

तेल खाणाऱ्या जीवाणूंची पावडरही आम्ही वापरून पाहिली. या कल्पनेबद्दल मला आदर आहे. शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्ती यांनी बनवलेल्या तेल खाणाऱ्या जीवाणूवर पेटंट देता येतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला होता. पावडर काम करते, पण तिला ओल लागते आणि आठवडे लागतात. वरवरच्या फिकट डागांसाठीच आम्ही ती सुचवतो.

रंगाचा थर द्यायचा की नाही हे आता पाण्याचा थेंब ठरवतो. स्वच्छ केलेल्या जागी थेंब टाकायचा. तो मण्यासारखा वर उभा राहिला तर खाली अजून तेल आहे. पसरून मुरला आणि कोबा गडद झाला, तर पुढे जायचं. त्याआधी साधारण ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवतो. खाली दव जमलं तर जमिनीतून ओल येतेय, काम थांबवायचं. कोबा नवा असेल तर २८ दिवस थांबतो.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशींनी पुन्हा बोलावलं. माझ्या अ‍ॅसिडने खरखरीत केलेला तो भाग मी मशीनने सारखा करून घेतला आणि जुन्या डागाला तीन लेप दिले. तिसरा लेप काढल्यावर त्या स्वतः वाटीत पाणी घेऊन आल्या आणि बोट बुडवून थेंब टाकला. तो लगेच मुरला. दादा तेव्हा गाडीखालून पुठ्ठा काढत होता. पुठ्ठा कोरा होता.