बीपी नॉर्मल, मग डोळ्याचं प्रेशर कसं वाढलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हनुवटी टेकवून प्रेशर मोजून झालं की हा प्रश्न येतोच. डोळ्यातलं प्रेशर रक्ताचं नसतं, पाण्याचं असतं. बुबुळामागची सिलियरी बॉडी मिनिटाला जेमतेम 2-3 मायक्रोलिटर पाणी तयार करते. ड्रॉप्सच्या बाटलीतला एक थेंब भरायला तिला पाव तास तरी लागेल. तेवढंच पाणी बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडत राहिलं, की प्रेशर साधारण 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्यात राहतं.

या येण्याजाण्यावर हार्मोन्सचा अंमल चालतो. दिवसा अ‍ॅड्रिनलीनच्या जोरावर पाणी जास्त बनतं, झोपेत ते जवळपास निम्म्यावर येतं. प्रेशर उतरवायला देतात ते टिमोलॉलचे ड्रॉप्स हाच जोर अडवतात. (तरीही आडवं झाल्यावर प्रेशर चढतं, म्हणून रात्री ते कमीच असेल असं धरून चालू नका.) गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, प्रेशर थोडं उतरतं, पाळी गेल्यावर थोडं वाढू शकतं.

माझी खरी काळजी कॉर्टिसॉल या शरीरातल्याच हार्मोनच्या जातकुळीची, म्हणजे स्टिरॉइड औषधांची आहे. त्यांनी ती जाळी हळूहळू तुंबते. सगळ्यांची नाही, पण साधारण तिघांत एकाचं प्रेशर वाढतं, आणि काहींचं फारच. दुखत नाही, लाली येत नाही. उलट खाज थांबल्यामुळे औषध लागू पडलं असंच वाटतं.

एक कॉलेजचा मुलगा चष्म्याचा नंबर काढायला आला होता. शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचली त्यानं. प्रेशर 38. मी पुन्हा मोजलं, तेवढंच. अ‍ॅलर्जीसाठी दोन आठवड्यांपुरते दिलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स तो जुन्याच चिठ्ठीवर आठ महिने घालत होता. वाढलेल्या प्रेशरनं डोळ्याच्या नसेला झीज लागली होती.

म्हणून मी ड्रॉप्सबरोबर त्वचेचं मलम, दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, सगळं विचारते. कृपया आठवून सांगा. पण डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड घाबरून एकदम बंद करू नका. प्रेशर तपासून घ्या.

त्या मुलाचे ड्रॉप्स बदलले, काही आठवड्यांत प्रेशर 17 वर आलं. नसेची झीज मात्र भरून आली नाही. दर सहा महिन्यांनी तो फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा आवाका तपासायला येतो, आणि दिवा दिसला की बटण दाबत बसतो.