लोण्याचा वास

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमच्या दुसऱ्या आउटलेटवरून फोन आला. आयपीएला, म्हणजे हॉप्सच्या फुलांच्या वासाच्या कडवट बिअरला, लोण्याचा वास येतोय म्हणे. पुण्यातल्या ज्या मायक्रोब्रुअरीत मी बिअर बनवतो, तिथल्या टॅपवर त्याच टँकमधली तीच बॅच गुरुवारपासून चालू होती आणि तिच्यात संत्र्याच्या सालीपलीकडे काही नव्हतं. मालकांनी फोन ठेवायच्या आधीच निकाल दिला : "त्यांनी लाइन धुतली नसणार." फोन करणाऱ्या बारवरच्या मुलाला तिथल्या तिथे बोलणीही बसली.

संशयाला जागा होती. लाइन म्हणजे टॅपपर्यंत बिअर आणणारी नळी. तिच्यात पेडिओकोकस हा जिवाणू बसला की तोही नेमका हाच वास सोडतो. शिवाय लाइन धुणं हे बहुतेक ठिकाणी कुणाचंच काम नसतं. ब्रुअर बारकडे बोट दाखवतो, बार ब्रुअरकडे. दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिक सोडा कोमट पाण्यात घालून १५ मिनिटं पंपाने फिरवायचं, मग पीएच पट्टीवर साध्या पाण्याचा रंग येईपर्यंत धुवायचं. नळ आणि कपलर (बिअरच्या पिंपाला, म्हणजे केगला, लाइन जोडणारा भाग) सुटे करून ब्रशने घासायचे. नळ न उघडता नुसतं कॉस्टिक फिरवलं तर धुतलं असं म्हणूच नये, कारण चिकटा बसतो तो नळाच्या आत, वॉशरच्या मागे.

तिथे जाऊन नळ उघडला. वॉशर स्वच्छ, कपलर स्वच्छ. पाच दिवसांपूर्वी लाइन धुतल्याची तारीखवार नोंद त्या मुलाने वहीत केलेली. मग लाइन बाजूला ठेवून थेट केगमधून ग्लास भरला. बर्फगार बिअर वास लपवते, म्हणून ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बारा-चौदा अंशांपर्यंत येऊ दिला, वरून हाताने झाकून फिरवला आणि हात काढला. थिएटरातल्या पॉपकॉर्नच्या मशीनजवळ येतो तो वास. जिभेवर तुपकट, बुळबुळीत थर.

म्हणजे दोष बिअरमध्येच होता. मग आमच्या टॅपवर का नाही?

हा वास डायअसेटिलचा. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं. यीस्ट ते थेट बनवत नाही. यीस्टमधून बाहेर येतं ते अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट, ज्याला काहीच वास नसतो. त्याचं बिअरमध्ये डायअसेटिल होतं, थंडीत अगदी सावकाश, उकाड्यात झपाट्याने. यीस्ट जागं असेल तर ते डायअसेटिल परत आत ओढून घेतं आणि वास जातो. यीस्ट काढून टाकलं आणि टँक एक अंशावर नेला की हा कच्चा माल तसाच पडून राहतो. आमच्या टॅपची बिअर थंडच होती. तिकडे शुक्रवारी केग पोचले तेव्हा कोल्ड रूममध्ये जागा नव्हती, म्हणून ते दोन रात्री मागच्या पॅसेजमध्ये उभे होते. मे महिन्यात. ते चुकलंच, पण उकाड्याने फक्त आमचा दोष उघडा पाडला.

परत येऊन टँकमधली बिअर दोन बरण्यांत घेतली, वर फॉइल लावली. एक बरणी ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, दुसरी बाहेर. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगायच्या. दोन्ही साफ असतील तर टँक थंड करायला हरकत नाही. फक्त गरम केलेलीत वास आला तर कच्चा माल शिल्लक आहे. दोन्हीत आला तर यीस्टचं काम अर्धवट आहे. आमची गरम केलेली बरणी उघडताच लोणी. अर्ध्या तासाची ही चाचणी टँक थंड करण्याआधी व्हायला हवी होती. सीझनच्या घाईत ती वगळली जाते, आणि याला मी घाई नव्हे, हयगय म्हणतो.

कारण लॉगबुकात होतं. ड्राय हॉपिंगआधी, म्हणजे सुगंधासाठी तयार होत आलेल्या बिअरमध्ये हॉप्स घालण्याआधी, यीस्ट काढलं, १४ अंशांवर लिटरला ६ ग्रॅम हॉप्स घातले, दोन दिवसांनी टँक थंड केला. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, जी साखर आंबली की उतरते) त्याआधी ३.१ अंश प्लेटो, थंड करताना २.६. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या डेक्स्ट्रिन्सची, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या पिठूळ घटकांची, साखर करतात आणि तळाशी राहिलेलं थोडं यीस्ट पुन्हा आंबवायला लागतं, म्हणजे कच्चा मालही पुन्हा बनतो. इंग्लंडात ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ साली हे लिहून ठेवलंय. अर्धा अंश उतरलेला दिसत असताना आम्ही टँक गोठवला.

पण मला अजून सुटत नाही ती गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तीन-तीन ग्लास ठेवले, वर नुसते आकडे. दोनांत साफ बिअर, एकात सदोष. आमच्या सर्वांत अनुभवी ब्रुअरला वेगळा ग्लास एकदाही ओळखता आला नाही. डायअसेटिल काही नाकांना जवळपास लागतच नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. पण प्रत्येक टँकवर शेवटची सही त्याची होती. बाकीच्या चौघांनी ग्लास बरोबर ओळखला आणि त्यातल्या तिघांना तोच जास्त आवडला. "भरीव लागतेय," म्हणाले. घुसळलेल्या लोण्याला, ताकाला जो वास येतो त्यात हेच डायअसेटिल असतं. आपल्या नाकाला तो घरचा वास आहे, त्यात खोट आहे असं ते सांगणार कसं?

बाहेर गेलेले वीस लिटरचे अकरा केग ओतून टाकले. टँक १८ अंशांवर नेला, जाग्या यीस्टसाठी जोरात आंबत असलेली दुसरी बिअर, ब्लाँड एल, दहा टक्के घातली. चौथ्या दिवशी दोन्ही बरण्या साफ निघाल्या. लोणी गेलं, पण हॉप्सचा अर्धा सुगंधही गेला. आता यीस्ट असतानाच, १८ अंशांवर हॉप्स घालतो आणि सोबत एएलडीसी एन्झाइम, जे कच्च्या मालाचं डायअसेटिल न होऊ देता सरळ अ‍ॅसिटॉइन करतं. ग्रॅव्हिटी सलग दोन दिवस तीच आणि बरण्या साफ, तरच टँक थंड. सह्या दोन लागतात, नाक तपासलेल्यांच्या. त्या मुलाला कुणी सॉरी म्हटलेलं नाही. पहिली बरणी मात्र आता मी त्याला हुंगायला देतो.

त्याच आउटलेटवर दोन नेहमीचे ग्राहक "ती मागची मऊ आयपीए" विचारत आले. मी राखून ठेवलेल्या केगमधला एक ग्लास आणि नवीन बॅचचा एक, असे शेजारी ठेवले. एक जण म्हणाला, अरे, यात तर संत्रं आहे. दुसऱ्याने दोन्ही पुन्हा चाखले आणि जुनाच ग्लास संपवला.