पिशवीतल्या गोळ्या

आज ओपीडीत एका आजींची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत गुडघ्यांसाठी परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही निघाली! दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ती वेदनाशामक गोळी बंद केली.

फिजिशियन असिस्टंट म्हणून हिस्टरी (आजाराची आधीची माहिती) घेणं, तपासणं, रिपोर्ट वाचणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार पुढे नेणं हे सगळं करतेच. (१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात या कामाचा अभ्यासक्रम सुरू झाला, तोही डॉक्टर कमी पडत होते म्हणूनच.) पण मला विचाराल तर निवांत बसून पेशंटची पिशवी बघणं सगळ्यात मोलाचं.

आजींच्या लेकीला सगळं समजावून तिच्याकडून परत वदवून घेतलंय. उद्या फोन करून शौचाला काळी होत नाही ना (ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण), ते विचारायचंय.