खाणशोध कंपनीचा शेअर विकायचा का? आधी ५बी उघडा

ऑस्ट्रेलियात सोनं, लिथियम, निकेल शोधणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर तीन सेंटना घेतलेला असतो आणि तो ०.८ सेंटवर येऊन बसतो. मग माणूस चार्ट उघडून तासन्‌तास बघत राहतो. चार्टात काही नसतं. या कंपन्यांना ना विक्री, ना नफा. भागधारकांकडून पैसे गोळा करायचे आणि जमिनीत भोकं पाडायची, एवढाच धंदा. म्हणून आपण कितीला घेतला होता हे बाजूला ठेवा. पैसे कधीपर्यंत पुरणार आणि पुढचे कोणत्या भावाने येणार, ते बघा.

खाणशोध कंपनीला तिमाही संपल्यापासून महिन्याभरात अपेंडिक्स ५बी हा रोखीचा तक्ता एएसएक्सकडे (ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराकडे) द्यावाच लागतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो येतो. वरची रंगीत पानं सोडून थेट भाग ८ वर जा. ८.६ म्हणजे हाताशी असलेला एकूण पैसा, ८.३ म्हणजे तिमाहीचा खर्च. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ८.७ मध्ये किती तिमाह्या उरल्या ते मिळतं. आकडा दोनच्या खाली असला तर ८.८ मध्ये कंपनीला खुलासा करावा लागतो. तिथे ‘पूर्वीही भांडवल उभारलं आहे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर लवकरच नवे शेअर निघणार असं समजा.

आता १.२ बघा. (ए) मध्ये शोधकामाचा खर्च, (डी) मध्ये पगार, (ई) मध्ये ऑफिसचा खर्च. काही कंपन्या शोधखर्च भांडवली धरतात, मग तो २.१ मध्ये सापडतो, तोही मोजा. भाग ६ मध्ये संचालक आणि त्यांच्याशी संबंधितांना दिलेले पैसे असतात. सलग चार तिमाह्या जमिनीपेक्षा ऑफिसवर जास्त पैसा जात असेल, तर माझ्या मते पुढचं वाचायची गरज नाही. विका.

नव्या शेअरचा फटका कसा बसतो, ते एका काल्पनिक कंपनीवर बघू. ६० कोटी शेअर, भाव ०.८ सेंट, हाताशी ६.२ लाख डॉलर, तिमाहीचा खर्च ४ लाख. म्हणजे दीड तिमाहीची शिदोरी. भागधारकांना न विचारता वर्षभरात १५ टक्के नवे शेअर काढता येतात; वार्षिक सभेत आगाऊ मंजुरी घेतलेली असेल तर आणखी १० टक्के. या जादा १० टक्क्यांचा भाव १५ दिवसांच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली नेता येत नाही. समजा, दोन्ही मिळून १५ कोटी शेअर ०.६ सेंटना दिले. आले ९ लाख डॉलर, पुरले सव्वादोन तिमाह्या. तुमचा वाटा पाचव्या हिश्शाने घटला, आणि पुन्हा तोच खेळ. ही घोषणा बहुधा ट्रेडिंग हॉल्टनंतर (शेअरचे व्यवहार थोडा काळ थांबवल्यावर) येते, त्यामुळे कळल्यावर विकायला तुम्ही उशिराच पोचता.

‘पण ड्रिलिंगचे निकाल चांगले आलेत ना!’ निकालांचा तक्ता नीट वाचा. ‘२० मीटर, टनाला १.५ ग्रॅम सोनं, त्यात १ मीटर २४ ग्रॅम.’ गुणाकार करा: २० गुणिले १.५ म्हणजे ३०. त्यातले २४ एकाच मीटरचे. उरलेल्या १९ मीटरना ६, म्हणजे टनाला जेमतेम ०.३ ग्रॅम. एक चमचा तूप अख्ख्या पंगतीच्या पोळ्यांना लावल्यासारखं आहे हे. शिवाय मोजलेली लांबी भोकाच्या दिशेने आहे की शिरेची खरी जाडी, तेही बघा.

ठेवायलाही कारणं असतात. चार तिमाह्यांचा पैसा आहे, ड्रिलिंगचा खर्च मोठा भागीदार उचलतोय, संचालक बाजारातून स्वतःच्या पैशाने शेअर घेताहेत (हे अपेंडिक्स ३वाय मध्ये दिसतं, फुकट मिळालेले ऑप्शन, म्हणजे पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क, त्यात धरू नका). असं असेल तर निम्मे विकून निम्मे ठेवणं मला पटतं.

विकताना मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने विकायची ऑर्डर, कधीच टाकू नका. १० सेंटखाली भाव ०.१ सेंटच्या पायरीने हलतो, म्हणजे ०.८ वरून एक पायरी उतरलात की साडेबारा टक्के गेले. खरेदीदारांच्या रांगेत किती शेअरची मागणी आहे ते बघून लिमिट (किमान भाव) लावा, तुकड्यांत विका. बातमीने उलाढाल वाढते तो दिवस सगळ्यात सोयीचा. ऑस्ट्रेलियात कराचं वर्ष जूनअखेर संपतं, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यांत करासाठी तोटा दाखवणाऱ्यांची झुंबड असते; त्यामुळे शक्यतो मे महिन्यातच उरका.

तिथल्या करदात्याला हा तोटा फक्त भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण पुढे ओढायला वर्षांची मर्यादा नाही (भारतात आठ वर्षं). विकून लगेच तोच शेअर परत घेतलात तर कर खातं ‘वॉश सेल’ म्हणून हरकत घेऊ शकतं. आणि शेअर निलंबित होऊन विकताच येत नसेल, तर लिक्विडेटर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने (बुडालेल्या कंपनीवर नेमलेल्या अधिकाऱ्याने) शेअर निरुपयोगी झाल्याचं लेखी जाहीर करेपर्यंत थांबावं लागतं. त्या घोषणेनंतर न विकताही तोटा दाखवता येतो.