प्रत्येक स्टॉपला एक घास

रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. "मॅडम, हिला दम लागलाय. १०८ आलीय दारात. दादाला कुठं ठेवू?"

दादा म्हणजे त्यांचा ३८ वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; बोलता येत नाही, बसायला आधार लागतो, फिट्स येतात. पुण्यात सिंहगड रस्त्याला लागून आमचं दिव्यांगांसाठीचं छोटं केंद्र आहे, दहा ते पाच. तिथे तो सहा वर्षं येतो. गेल्या वर्षी आम्ही रात्रीचे दोन बेड सुरू केले. घरच्यांना एखादी रात्र, दोन दिवस विसावा मिळावा एवढाच हेतू. काकूंना मी तीनदा म्हटलं होतं, एक रात्र ठेवून तर बघा. "मला कुठं जायचंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या पायांवर सूज दिसत होती. ती दाखवून घ्या म्हटलं, तर "गणपती होऊ देत."

अकरा वाजता शेजाऱ्यांच्या गाडीतून दादा आला. बरोबर प्लास्टिकच्या पिशवीत फिट्सच्या औषधाची बाटली आणि दोन जोड कपडे. आम्ही दोघांनी चादरीत घेऊन त्याला बेडवर ठेवलं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. तो जागाच होता, दाराकडे बघत. रडला नाही. त्यानं रडायला हवं होतं असं मला सारखं वाटत होतं.

सकाळी खरी अडचण सुरू झाली. दादा तोंडच उघडेना. मऊ भात, पेज, केळं कुस्करून, काहीच नाही. औषधाचा चमचा ओठांना लावला की मान फिरवायचा. जबरदस्ती करता येत नाही. अशा मुलांचा घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि फिट्सचं औषध चुकलं तर फिट यायची भीती. फिट थांबवायचा, नाकात मारायचा स्प्रे मी टेबलावर काढून ठेवला. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल, हेही सगळ्यांना सांगून ठेवलं. साडेआठ वाजले, औषधाची वेळ उलटून अर्धा तास झाला.

दादाची फाइल काढली. निदान होतं, ९० टक्के अपंगत्वाचा दाखला होता, औषधांचे डोस होते. तो जेवतो कसा, याची एक ओळ नव्हती. कशी असणार? सहा वर्षं काकू रोज साडेबाराला डबा घेऊन यायच्या, आतल्या खोलीत दार लोटून भरवायच्या आणि पाचपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. आई येतेय ना, म्हणून आम्ही कधी विचारलंच नाही. ही चूक सर्वस्वी आमची होती. काकू ऑक्सिजनवर, काकांचा फोन बंद.

शेवटी त्यांच्या शेजारच्या मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, ती स्टॉप घेते ना! भिंतीपलीकडून रोज ऐकते मी. स्वारगेट म्हणाली की एक घास, दांडेकर पूल म्हणाली की दुसरा."

काका पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बसवर, कंडक्टर होते, हे तेव्हा लख्ख आठवलं.

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले, मान थोडी पुढे घेतली आणि म्हटलं, "स्वारगेट." दादानं माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच. तोंड उघडलं. स्वारगेटला औषध गेलं, दांडेकर पुलाला पेज. मग मला फोन घ्यावा लागला म्हणून आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाच्या हातात वाटी दिली. तो हडपसरचा, त्याला हा रस्ता पाठ नाही. पानमळा गाळून त्यानं थेट राजाराम पूल घेतला आणि दादानं तोंड मिटलं. पानमळ्याला परत यावं लागलं. मग राजाराम पूल, विठ्ठलवाडी, हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग. धायरी फाट्याला वाटी रिकामी. केंद्रात काम करणाऱ्या मावशी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

दुपारी हॉस्पिटलात गेले. काकूंच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी बोटं जुळवून ओठांशी नेली, जेवला का? मी म्हटलं, "धायरी फाट्यापर्यंत." त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.

बाहेर काका म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?" मला ते ऐकवेना. उपकार कसले? राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची अशा निवासासाठी 'समर्थ' नावाची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्यांच्या व्याख्येत आई-वडील येतात, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे या माणसांचं थकणं कायद्याला माहीत आहे. काका ३८ वर्षांत एकदाही बायकोबरोबर मुक्कामाला कुठे गेले नव्हते. त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे नीट सांगितलं होतं?

काकू नऊ दिवसांनी घरी आल्या. दादा तोवर आमच्याकडेच होता.

आता आमच्याकडे जाड वही आहे. घास केवढा, पाणी कशातून, झोपताना कुठली कूस, दुखलं तर कसा आवाज काढतो, कशानं शांत होतो. हे आईनंच लिहायचं किंवा सांगायचं. आणि नियम केला की नाव नोंदवलेल्या प्रत्येक घरानं गरज नसताना एक रात्र ठेवायचं, रंगीत तालीम म्हणून. अडचणीच्या रात्री अनोळखी खोली, अनोळखी हात, वर आई दिसत नाही, एवढं एकदम कुणावर येऊ नये. काही आया चिडतात. "टाकून जायचं का त्याला?" असं विचारतात. मी त्यांना काकूंशी बोलायला लावते.

परवा एका मुलीचे वडील वही भरत बसले होते. 'कसं भरवता?' या प्रश्नाशी थांबले, मग दोन पानं लिहिली आणि कोरी पानं आणखी मागितली. दोन बेड आहेत. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारसाठी सात घरांनी नावं दिलीत. पाच घरांना कुठली तारीख द्यायची, ते अजून ठरलेलं नाही.