खोलीचा पंचम

१४ मार्च

बाबांच्या खोलीची मी गाण्याच्या रेकॉर्डी ऐकायची खोली केलीय. आज तिच्या भिंतीवरचा फोम उतरवला. जानेवारीत हौसेनं मागवला होता. अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल, काळा. विकणाऱ्यानं 'साउंडप्रूफ' म्हणून गळ्यात मारला. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या पूर्वीइतक्याच आत येतात आणि आमचा डग्गा पूर्वीइतकाच खालच्या काकांकडे जातो. आवाज अडवायचा तर भिंतीला वजन लागतं, दाराखालची फट बुजवावी लागते. फोम फक्त खोलीतल्या खोलीत उसळणारा आवाज पितो, तोही वरचा-वरचा. तंबोऱ्याची जवारी, ती मधमाशांसारखी बारीक गुणगुण, तेवढी त्यानं नेमकी खाल्ली. खालचा घुमारा तसाच राहिला. डोक्यावरून दुलई घेऊन मैफल ऐकावी तसं दोन महिने ऐकलं.

गोंदाबरोबर रंगाचे पोपडेही निघाले. आई दारातून म्हणाली, "बाबा असते तर ओरडले असते." बाबा असते तर इथं अजून त्यांची कॉट असती.

१७ मार्च

टेप दोनदा लावून पाहिली. १० फूट ४ इंच लांब, १० फूट ४ इंच रुंद. बिल्डरनं किती प्रेमानं चौरस काढलाय! कॉट आणि लोखंडी कपाट होतं तोवर कळलं नाही. खोली रिकामी केली आणि ती बोलायला लागली.

रात्री फोनवरून स्पीकरला एकच सलग सूर दिला आणि तो हळूहळू खाली आणत गेले. ११० हर्ट्झच्या आसपास खोली एकदम अंगावर आली, खिडकीची काच थरथरली. खोलीच्या मध्यावर कान भरून गेले. दोन पावलं मागं सरकले तर सूर जवळजवळ गायब. पुन्हा पुढे, पुन्हा हजर. पाच मिनिटं मी वेड्यासारखी पुढे-मागे करत होते.

हिशेब मग वहीत केला. इथल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. म्हणजे ११० हर्ट्झची लाट ३.१५ मीटर लांब, आणि १० फूट ४ इंच म्हणजेही ३.१५ मीटर. ती लाट दोन भिंतींच्या मध्ये बरोबर मावते, नि खोली चौरस असल्यामुळे आडवी मावते तशी उभीही. त्यात ११० म्हणजे पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरला तर येणारा, मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प! बाबांच्या लाडक्या गवयाची पट्टी तीच. तंबोऱ्याच्या चार तारांतली पहिलीच तार का दणदणते म्हणून मी महिनाभर बिचाऱ्या स्पीकरला नावं ठेवत होते. खोलीच तंबोरा झाली होती, नि मी तिच्या भोपळ्यात बसले होते.

२२ मार्च

एवढ्या लांब लाटेला दोन इंचाचा फोम काय करणार? तिचा चौथा हिस्साच अडीच फुटांच्या वर जातो. जाडी हवी, आणि ती कोपऱ्यात हवी, कारण सगळ्या लाटा तिथंच येऊन दाटतात. रॉकवूलच्या, म्हणजे दगडाच्या धाग्यांच्या, पाट्यांचा भाव विचारला आणि गप्प बसले. मग माळ्यावरच्या आजीच्या गाद्या आठवल्या. कापसाच्या, एकेक उचलायला दोन माणसं लागतील अशा.

वॉलेस सॅबिनची गोष्ट वाचल्यापासून या गाद्यांबद्दल मला जरा धीर आलाय. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात एवढा घुमारा होता, की बोललेला शब्द पाचेक सेकंद विरतच नसे. ते काम या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, घुमारा किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोल्यांच्या आवाजाचं गणित त्या गाद्यांमधून निघालं. १९०० मध्ये बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्यानं उभं राहिलं.

मला परत नेऊन ठेवायच्या नाहीत, एवढाच फरक.

३० मार्च

गाद्या दोन दिवस गच्चीवर उन्हात तापवल्या. मिस्त्रींनी चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तिकोनी चौकटी ठोकल्या. गादीची वळकटी आत उभी करताना म्हणाले, "ताई, पाहुणे आले की कोपऱ्यातून गादी काढायची, असं आहे का?" पुढून खादीचं कापड ताणून बसवलं. आत डांबराच्या गोळ्या, म्हणून खोलीला सध्या ट्रंकेचा वास येतोय.

४ एप्रिल

आरशाचा दिवस. मी खुर्चीत, आई भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकतेय. आरशात जिथं स्पीकर दिसला तिथं पेन्सिलची खूण. स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून माझ्यापर्यंत येतो तो तिथूनच. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जागी गोधड्या लटकवल्या. आईला हे सगळं फार विनोदी वाटलं. मध्येच स्वतःचे केस नीट केले तिनं. मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी, मुद्दाम वेडीवाकडी लावलेली. खुर्ची मध्यावरून हलवत हलवत मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर आली.

रेकॉर्ड प्लेअरची घूं-घूं मात्र वेगळीच निघाली. त्याची केसाएवढी अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरला जोडायचीच राहिली होती. दोन महिने! याबद्दल जास्त लिहीत नाही.

११ एप्रिल

बाबांच्या त्या लाडक्या गवयाची एलपी लावली. पंचम अजून जरा जाड आहे, पण आता तारेतून येतो, भिंतीतून नाही. जोडीच्या तारा सुट्या झाल्या. खर्ज, सगळ्यांत खालचा सा, लागला, विरत गेला, आणि त्याच्या पोटातून कुणीही न छेडलेला गंधार वर आला. स्वयंभू गंधार. लहानपणी बाई तंबोरा लावून द्यायच्या आणि विचारायच्या, "ऐकू येतोय का?" मी हो म्हणायचे. खोटं. खरा ऐकू आला तो आज. गवई अजून 'सा'सुद्धा लावायचा होता, मी सुई उचलून पहिल्यापासून पुन्हा लावली.

२ मे

उकाडा. पंख्याची घरघर सगळ्या खोलीभर, आणि पंख्यावर गोधडी घालता येत नाही. तह असा झालाय: सुई टेकली की पंखा बंद. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं, तेवढं निभतं. आज आई पूर्ण बाजूभर जमिनीवर बसून होती, डोळे मिटून, पदरानं वारा घेत. बाजू उलटायला मी उठले तर तिनं हात लांब करून पंखा पाचवर केला.

"हळूच उलट," म्हणाली. "घाई नाही."